बसायची सोय नाही

८ ऑगस्ट १९६१, मंगळवार

शहराच्या वकिलांनी सल्ला दिला की या दिवसांत जे घडेल ते रोज टिपून ठेवा, पुढेमागे कोर्टात जबाब द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल. म्हणून ही वही. रोज लिहीन असं काही मला वाटत नाही.

काल न्यायाधीशांचा हुकूम आला. १८ सप्टेंबरपासून आमच्या केंडल्स फेरी गावाचं सार्वजनिक वाचनालय गोऱ्यांना आणि काळ्यांना सारखंच खुलं ठेवायचं. रस्ते, पाणी, उद्यानं आणि वाचनालय ही खाती माझ्याकडे, त्यामुळे हुकुमावर पहिलं नाव माझं : हॉलिस वॅडली, निवडून आलेला कमिशनर. आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही आणि आता वर्तमानपत्रात माझं नाव प्रतिवादी म्हणून छापून येणार.

मेयर डॅबनी क्रोल म्हणाले, "त्यात विचार कसला करायचा? कुलूप ठोक. पोहण्याचा तलाव बुजवलास तसं."

काळ्यांनीही तिथे पोहायला मागितलं, म्हणून तलाव गेल्या वर्षी मीच बुजवला. चाळीस ट्रक माती लागली. आता तिथे गवत चांगलं आलंय. पण वाचनालयाला कुलूप लावणं माझ्याच्यानं होणार नाही. तिथे लेनोरा आहे.

लेनोरा माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती पंधराची. तिनं मला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. माझी बायको वारल्यापासून आम्ही दोघं पुन्हा वडिलांच्या घरी एकत्र राहतो. वाचनालयाची ती प्रमुख, सव्वीस वर्षं झाली. ते बंद झालं तर ही बाई सकाळी उठून जाईल कुठे? माझ्याकडे बघत दिवसभर घरी बसेल, आणि ते मला सोसायचं नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार

सुचलं. पोस्टात तिकिटं घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे कपडे धुणारी एक काळी बाई, मागे बँकेतला ग्रिग्ज, त्याच्यामागे दोन काळे गडी. कुणाला काही वाटत नव्हतं. दुकानात, बँकेत, लिफ्टमध्ये आपण त्यांच्या शेजारी उभे राहतोच की. जन्मभर राहत आलो. भांडण पेटतं ते बसण्यावरून. हॉटेलात, बसमध्ये, सिनेमात, सगळीकडे बसण्यावरून.

मग खुर्च्याच काढल्या तर?

वाचनालय सगळ्यांना खुलं, हुकुमाचा मान राहिला, आणि कुणी कुणाच्या शेजारी बसलंही नाही. मी तिकिटं न घेताच घरी आलो. अशी साधी गोष्ट इतक्या वकिलांना कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं.

लेनोराला सांगितलं. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"म्हणजे बसायचंच नाही कुणी?"

"कुणीच नाही. त्यात अन्याय कुठे आला, ताई?"

"हॉलिस, माणूस वाचायला बसतो रे."

"उभ्यानंही वाचता येतं."

"येतं," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. तिला पटलं असं मी धरून चालतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

खुर्च्या काढायचा ठराव मागच्याच महिन्यात एकमताने झाला. क्रोलनी सभेत माझी पाठ थोपटली. आज सकाळी नगरपालिकेचा ट्रक लावून चौतीस खुर्च्या, आठ टेबलं आणि दोन बाकं काढली. पाणीपुरवठ्याच्या शेडमध्ये रचून ठेवली. माणसं आमचीच, रस्तेखात्यातली, सगळी काळी. त्यांचा मुकादम ज्युनियस एकेक खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन पायऱ्या उतरत होता. मी गमतीनं म्हणालो, "काय रे ज्युनियस, जड आहेत का?"

"सांगता येत नाही, साहेब," तो म्हणाला. "कधी बसलो नाही."

बाकीचे हसले. मीही हसलो.

शेवटी लेनोराच्या टेबलामागची खुर्ची राहिली. वकिलांनी बजावलं होतं की एक जरी खुर्ची आत दिसली आणि तिच्यावर गोरं माणूस बसलेलं दिसलं, तर न्यायाधीश सगळा ठराव उलथून टाकतील. मी तिला ते समजावून सांगितलं.

"माझीपण?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, ताई. ते कंटाळतील आणि यायचे बंद होतील. मग आणू परत."

ती बाजूला झाली. ज्युनियसनं खुर्चीला हात लावण्याआधी डोक्यावरची टोपी काढली. कशासाठी, ते मला कळलं नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

दिवस शांततेत पार पडला, देवाची कृपा. दारावर दोन पोलीस ठेवले होते, पण कामच पडलं नाही. काळ्यांपैकी तिघं आले. त्यातला एक ओबडाया सिम्स. काळ्यांच्या शाळेत एकतीस वर्षं मुख्याध्यापक होता, आता निवृत्त आहे, वय एकाहत्तर. काळा कोट, गळ्याशी टाय, हातात वही. अर्ज भरला, कार्ड घेतलं, रोमच्या इतिहासाचा एक खंड मागितला आणि कपाटाला टेकून उभ्यानं वाचू लागला. तीन तास.

एक मात्र मला समजत नाही. त्यांच्या शाळेला आम्ही वर्षानुवर्षं पुस्तकं देत आलोय. इथली जुनी झालेली सगळी पुस्तकं नगरपालिकेच्या गाडीतून तिकडे जातात, अगदी फुकट. घरबसल्या पुस्तकं मिळत असताना इथे येऊन पाय दुखवून घ्यायची हौस कशाला?

२३ सप्टेंबर, शनिवार

गोऱ्यांच्याच तक्रारी जास्त येतायत. कॅप्टन पर्डींचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला. गेली पंधरा वर्षं ते खिडकीखाली बसून पेपर वाचत आलेत. आज मला रस्त्यात गाठून काठी आपटत म्हणाले, "उभा राहा म्हणतोस? कुठल्या पायावर राहू तेवढं सांग."

मी म्हणालो, ही तुमच्याच भल्यासाठीची तात्पुरती व्यवस्था आहे. त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता ते खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. कट्टा हे बसायचं ठिकाण धरायचं की नाही, यावर वकिलांना विचारलं. म्हणाले, धरायचं. दुपारी सगळ्या कट्ट्यांवर कुंड्या ठेवून घेतल्या.

शनिवारची मुलांची गोष्ट असते. लेनोरा वाचते, मुलं ऐकतात. मुलं जमिनीवर बसली. त्यात आज दोन काळ्या मुली होत्या. मी पोलिसाकडून निरोप पाठवला की जमिनीवरही बसता येणार नाही. लेनोरानं चोवीस मुलांना उभं करून गोष्ट सांगितली. अर्ध्यातच लहान मुलं रडू लागली, तेव्हा तिनं पुस्तक मिटलं.

घरी आल्यावर म्हणाली, "एक पाटी करून दे. 'बसायची सोय नाही' अशी. मला सारखं तोंडानं सांगवत नाही."

पाटी उद्याच करायला टाकतो.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सिम्स रोज येतो. बाकीचे दोघं कधीच कंटाळले, हा मात्र दहाच्या ठोक्याला हजर. मी आज मुद्दाम कपाटाच्या आडून पाहिलं. माणूस सरळ दिखाऊ आहे, अशी माझी खात्री झाली. पुस्तक पहिल्यापासून वाचतच नाही. शेवटची वीसपंचवीस पानं काढतो, नाहीतर मधलीच चार. पुस्तक कपाटाच्या फळीवर ठेवून ती पानं आपल्या वहीत शब्द न शब्द उतरवून घेतो आणि दुसरं मागतो. हातात यादी असते, एकेका नावावर काट मारतो. रोमचा इतिहास झाला, मग भूगोल, मग वनस्पतींवरचं एक जाडजूड पुस्तक. असं तुकड्यातुकड्यांनी कुणी वाचतं का?

लेनोराला विचारलं तर म्हणाली, "मला माहीत आहे काय करतायत ते."

"करतायत?" मी म्हणालो. "अगं, तुला लोक ऐकतात. त्याच्या कार्डावर तू 'मिस्टर ओबडाया सिम्स' असं टंकलंयस म्हणे. क्रोलपर्यंत गेलंय ते."

"तुझ्या कार्डावरही मिस्टरच आहे."

"माझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? पुस्तक तू उशिरा परत करतोस."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो काय उतरवून काढतोय, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

लेनोराचे पाय सुजलेत. संध्याकाळी मोजे काढताना पाहिलं, घोटे दिसेनासे झालेत. डॉक्टर एव्हरेट म्हणाले, "या वयात दिवसाचे आठ तास उभं? एकतर हिला बसवा, नाहीतर नोकरी सोडायला लावा." मला फार वाईट वाटलं. लहानपणी मला घटसर्प झाला तेव्हा अकरा रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

म्हणून आज मी एक गोष्ट केली, आणि ती कोर्टात सांगायची नाही. शेडमधून तिची खुर्ची गाडीच्या डिकीत घालून आणली आणि वाचनालयाच्या मागच्या कोठीत ठेवली. दार लावून अधूनमधून बसत जा म्हणालो. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. बऱ्याच वर्षांनी फिरवला. मी स्वतःशी म्हणालो, बघ, नियम पाळूनही माणसाला माणुसकी ठेवता येते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू?

सव्वाअकराला क्रोलचा फोन आला. "तुझ्या बहिणीला वेड लागलंय का? जाऊन बघ." मी धावत गेलो. वाचनालयात दहाअकरा माणसं भिंतीला लागून उभी. मधल्या मोकळ्या जागेत कोठीतली ती खुर्ची, आणि खुर्चीवर ओबडाया सिम्स बसलेला. मांडीवर पुस्तक, पुस्तकाशेजारी वही. लेनोरा त्याच्या बाजूला उभी, आपल्या टेबलावर हात टेकून. गोऱ्या नागरिकांच्या समितीतला एकजण कॅमेऱ्यातली फीत गुंडाळत होता.

नंतर कळलं ते असं. तिनं स्वतः कोठीतून खुर्ची ओढत आणली. सिम्स म्हणाला, "नको, मिस लेनोरा. तुम्हाला त्रास होईल." ती म्हणाली, "बसा, मिस्टर सिम्स." तो बसला.

मी पुढे होऊन म्हणालो, "ऊठ."

त्यानं वर पाहिलं. "एवढा परिच्छेद, साहेब," म्हणाला, आणि खरोखर तेवढा उतरवून घेतला. मी तिथे त्याची वाट पाहत उभा होतो, हे आता आठवलं की कानशिलं तापतात. मग तो उठला, खुर्ची उचलून कोठीत नेऊन ठेवली, पुस्तक लेनोराच्या हातात दिलं आणि टोपी घालून गेला.

मी लेनोराला म्हणालो, "ती खुर्ची मी तुझ्यासाठी आणली होती."

"हो," ती म्हणाली. "माझी होती म्हणूनच देता आली."

२१ ऑक्टोबर, शनिवार

फोटो पहिल्या पानावर आहे. क्रोलनी सकाळीच बोलावून घेतलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत लेनोराच्या बडतर्फीच्या हुकुमावर माझी सही हवी. खातं माझं, तेव्हा सहीही माझीच. एकच पळवाट त्यांनी ठेवली : म्हाताऱ्याला भोवळ आली, पडेल म्हणून त्याला क्षणभर टेकवलं, असं लेनोरानं लिहून द्यायचं. आजारी माणसाला पाणी पाजलं तर कुणी काही म्हणत नाही, तसंच हे. क्रोल काही राक्षस नाहीत.

तिला विचारण्याआधी मी सिम्सकडून तसं लिहून घ्यायचं ठरवलं, म्हणजे तिचं काम सोपं होईल. रुळांपलीकडे काळ्यांच्या वस्तीत मी गाडीतून अनेकदा गेलोय, पण कुणाच्या पायऱ्या चढलो नव्हतो. तो ओसरीवरच होता. झटकन उठला आणि दुसरी खुर्ची पुढे केली.

"बसा ना, साहेब."

मी बसलो नाही. समोर रस्ता होता, कुणीही पाहिलं असतं. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक मिनिट आत येता? दाखवायचंय काहीतरी."

आतल्या खोलीत भिंतभर पुस्तकं. सगळ्यांच्या पाठीवर आमच्या वाचनालयाची चिठ्ठी, त्यावर लाल अक्षरात 'बाद' असा शिक्का. प्रत्येकात एक कागद खोचलेला. त्यानं रोमचा इतिहास काढून माझ्या हातात दिला. शेवटची अडतीस पानं नव्हती. कागदावर लिहिलं होतं : ४०२ ते ४३९. त्याखाली ताज्या शाईत : पूर्ण. आणि आत त्याच्या हस्ताक्षरातली पानं शिवलेली.

"एकतीस वर्षं यावर शिकवलं, साहेब. मुलं विचारायची, सर, पुढे काय झालं? मी सांगायचो, पुढचं पान शहरात आहे."

मी म्हणालो, "पण पुस्तकं फुकट होती."

"होती, साहेब."

पत्राचं विचारलं. तो म्हणाला, "मिस लेनोरांनी सांगितलं तर लिहून देईन. हात थरथरवून लिहून देईन, भोवळ आल्यासारखं वाटेल असं. पण त्यांनी सांगायला हवं. तुम्ही नाही."

माणूस सभ्य आहे. पण अशा वेळीही ताठा सोडत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी आलं नाही. पुढचं बाक रिकामं, मागचंही रिकामं. लेनोरानं सगळी स्तोत्रं मोठ्यानं म्हटली.

जेवण झाल्यावर मी तयार केलेलं पत्र तिच्यापुढे ठेवलं. चारच ओळी. तिनं चष्मा लावून वाचलं.

"ते आजारी नव्हते, हॉलिस. वाचत होते."

"ताई, कुणाला फरक पडतो? चार ओळींनी तुझी सव्वीस वर्षं वाचतायत."

"त्यांच्या पुस्तकांवरचा तो 'बाद'चा शिक्का मी मारायचे," ती म्हणाली. "पानं मोजून मारायचे. किती कमी आहेत हे मला माहीत असायचं, आणि पुस्तक कुठे जातंय तेही. एकदासुद्धा मला वाटलं नाही की गहाळ पानांची नक्कल करून सोबत द्यावी. टंकलेखन यंत्र समोरच होतं."

"त्यात तुझा काय दोष? पद्धतच होती."

ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी माझा ताप बघायची तशी. मग पत्राची घडी घालून मला परत दिली.

मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. वडील गेल्यावर तूच माझं सगळं आहेस, हेही म्हणालो, आणि मला रडू आलं. तिनं मला पाणी दिलं. सही मात्र दिली नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे उठून मी वाट काढली. मी सही केली नाही तर क्रोल माझं खातं दुसऱ्याला देतील, आणि तो दुसरा तिला एक दिवसाचंही निवृत्तिवेतन ठेवणार नाही. तेव्हा सही मीच करावी हे बरं. हुकुमात कारणाच्या जागी मी लिहिलं : प्रकृती अस्वास्थ्य. म्हणजे अर्धा पगार तहहयात मिळेल, आणि नावालाही बट्टा लागणार नाही. पाय सुजलेले आहेतच, डॉक्टरांचा दाखलाही मिळेल. इतकं चांगलं मला गेल्या कित्येक दिवसांत सुचलं नव्हतं.

न्याहारीच्या टेबलावर तिला दाखवलं. तिनं वाचलं, कानावरची पेन्सिल काढली, 'प्रकृती अस्वास्थ्य' यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं : 'एका वाचकाला बसायला खुर्ची दिली म्हणून.' अक्षर नेहमीसारखंच, पुस्तकांच्या कार्डांवर असतं तसं गोल.

"असा हुकूम निघाला तर तुला काही मिळायचं नाही, ताई."

"ठाऊक आहे. माँटगमरीला मावसबहिणीकडे जाईन. तिला सोबत हवीच आहे."

"आणि मी?"

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "फाडून टाक, हॉलिस, नाहीतर सही कर. दोन्हीपैकी काहीही कर. पण तिसरा कागद आणू नकोस."

स्वयंपाकघरात पावणेआठ वाजले होते. मी कागद हातात धरून बराच वेळ बसलो. फाडायला काय लागतं, दोन बोटं. मग काय झालं असतं, तेही सगळं डोळ्यांपुढून गेलं : क्रोल, समिती, पुढच्या वर्षीची निवडणूक, चर्चमधली ती रिकामी बाकं, या गावातली उरलेली सगळी वर्षं. मी ते कारण पुन्हा एकदा वाचलं. खिशातून पेन काढलं आणि सही केली.

तिनं विचारलं, "वाचून केलीस ना?"

"हो."

ती मान हलवत म्हणाली, "मला वाटायचं तू न वाचता सह्या करतोस. तलाव बुजवलास तेव्हा, खुर्च्या नेल्यास तेव्हा, मी मनाची तीच समजूत घालत आले."

मग ती कपबशी विसळून वर बॅग भरायला गेली.